कळफलकाचा स्पर्श आणि नाद : लिनियर स्विचवरील संस्कारांचा आढावा

संगणकाच्या कळफलकातील प्रत्येक कळीखाली जेमतेम दीड सेंटिमीटर लांबी-रुंदीचा जो यांत्रिक स्विच बसवलेला असतो, तो उघडून त्याच्या अंतर्भागास वंगण लावावे, त्याची स्प्रिंग बदलावी, वरच्या व खालच्या कवचांच्या सांध्यात पातळ पापुद्रा घालावा, आणि अशा रीतीने कळीचा स्पर्श व नाद मनाजोगता करून घ्यावा, हा व्यासंग गेल्या दहा-बारा वर्षांत जगभर फोफावला आहे. त्याविषयीचे मतभेदही तितकेच वाढले असून, कोणता संस्कार खरोखर उपयुक्त, कोणता निरर्थक आणि कोणता अपायकारक, याचा निवाडा अजून व्हावयाचा आहे. मावळ तालुक्यापुरते बोलायचे तर तळेगाव, सोमाटणे, कामशेत आणि लोणावळा या पट्ट्यात राहून हिंजवडीच्या कंपन्यांत काम करणारा जो वर्ग आहे, त्यातील अनेकांची कचेरी २०२० नंतर घरातच आली. आणि जो कळफलक पूर्वी सामाईक गोंगाटात कोणाच्या ध्यानीही येत नसे, तो रात्रीच्या वेळी निजलेल्या मुलाच्या खोलीपर्यंत ऐकू जाऊ लागला. तेव्हा हा विषय हौसेपुरता राहिलेला नाही, असे मानून त्याची आजची स्थिती येथे क्रमाने मांडण्याचा विचार आहे.

पूर्वपीठिका

कळीच्या भाराची आणि आवाजाची चर्चा संगणकाबरोबर जन्मास आली असे नाही. टंकलेखन यंत्राच्या काळातही हे कारकुनी जीवनाचे नित्याचे विषय होते. गोदरेज आणि बॉइस कंपनीने १९५५ साली भारतीय बनावटीचे टंकलेखन यंत्र सिद्ध करीपर्यंत आपल्या मामलेदार कचेऱ्या आणि न्यायालये यांचा टंकित दस्तऐवज परदेशी यंत्रांवरच तयार होत असे. पुढे २००९ साली गोदरेजने हे उत्पादन थांबवले, तोवर त्याचा अखेरचा कारखाना पुण्याजवळच्या शिरवळ येथे होता. या अर्धशतकात टंकलेखकांच्या ज्या पिढ्या होऊन गेल्या, त्यांनी आपल्या यंत्रावर केलेले संस्कार आजच्या हौशी मंडळींच्या संस्कारांशी इतके जुळतात की तो इतिहास येथे सांगणे अगत्याचे आहे. पुष्कळ यंत्रांत कळीचा ताण कमी-अधिक करणारी एक स्वतंत्र कळ अंगचीच असे. रुळाचे रबर जुने होऊन कठीण झाले की अक्षराचा आघात कर्कश होई, म्हणून कागदामागे आणखी एक कागद घालण्याची रीत होती. आणि टेबल घुमू नये म्हणून यंत्राखाली नमद्याची जाड घडी अंथरली जाई.

तेलाचा वाद तर तेव्हाही होताच. खिळ्यांचे दांडे ज्या अर्धवर्तुळाकार खाचांतून वर उठतात तेथे तेल घालावे, म्हणजे कळ हलकी होईल, असे नवख्यास वाटे. परंतु अनुभवी दुरुस्तीकार त्या जागी तेल घालू देत नसत, कारण तेल धूळ धरते, धुळीचा चिकटा होतो आणि दोन-चार महिन्यांत दांडे अडकू लागतात. ती जागा द्रावणाने धुऊन कोरडीच ठेवावी, हा त्यांचा शिरस्ता होता. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या मराठी टंकलेखन परीक्षेत मिनिटास ३० किंवा ४० शब्दांची गती गाठावी लागे, आणि भाड्याच्या यंत्रावर ती गाठू पाहणाऱ्या उमेदवाराला अडकणाऱ्या कळीचे मोल बरोबर कळत असे.

संगणक आल्यावर बहुतेक कचेऱ्यांत रबरी घुमटीचे स्वस्त कळफलक शिरले, आणि त्यांवर करण्याजोगा कोणताही संस्कार नव्हता. अपवाद होता तो टीव्हीएस इलेक्ट्रॉनिक्सच्या ‘गोल्ड’ या कळफलकाचा. त्यात चेरी कंपनीचे निळे, प्रत्येक दाबास ‘टिक’ असा स्पष्ट ध्वनी करणारे स्विच असत, आणि बँकांत, छापखान्यांत व डीटीपीच्या दुकानांत तो वर्षानुवर्षे राबला. त्यामुळे आपल्याकडे यांत्रिक कळफलक म्हणजे खणखणीत आवाज, अशी समजूत दृढ झाली. प्रस्तुत लेखाचा विषय असलेला लिनियर स्विच हा त्या समजुतीच्या अगदी उलट टोकाचा.

लिनियर स्विचची घडण

यांत्रिक स्विचांचे ढोबळ मानाने तीन वर्ग करतात : दाबताना वाटेत उंचवटा जाणवणारे टॅक्टाइल, उंचवट्यासह टिकटिकणारे क्लिकी, आणि आरंभापासून तळापर्यंत कोणताही अडथळा न येता एकसारखे खाली जाणारे लिनियर. लिनियर स्विचमध्ये पाचच भाग असतात. खालचे कवच, वरचे कवच, त्यांच्यामधून वर-खाली सरकणारा दांडा अर्थात स्टेम, त्याला परत उचलणारी स्प्रिंग, आणि विद्युत्संपर्क घडवणारी धातूची पाती, जिला लीफ म्हणतात. स्टेमच्या दोन बाजूंच्या पट्ट्या कवचातील खोबणींतून सरकतात आणि त्याचे दोन पाय पातीला घासून जातात. या दोन घर्षणस्थळांतूनच हाताला जाणवणारी खरखर उत्पन्न होते.

या रचनेचे आद्य घराणे चेरी कंपनीचे. १९५३ साली अमेरिकेत स्थापन झालेली आणि पुढे जर्मनीत स्थिरावलेली ही कंपनी १९८० च्या दशकात एमएक्स मालिका घेऊन आली, आणि तिचा काळ्या दांड्याचा ६० सेंटिन्यूटनचा लिनियर स्विच दुकानांतील गल्ला-यंत्रांपासून कारखान्यांपर्यंत सर्वत्र बसू लागला. ४५ सेंटिन्यूटनचा हलका तांबडा स्विच २००८ चा. दोहोंत कळ एकूण ४ मिलिमीटर खाली जाते आणि मध्यावर, म्हणजे २ मिलिमीटरवर, संपर्क घडतो. सुमारे २०१४ पर्यंत मूळ पेटंटांची मुदत संपली, आणि दक्षिण चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातील गेटरॉन, काइहुआ इत्यादी उत्पादकांनी त्याच साच्याचे, परंतु अधिक गुळगुळीत स्विच अल्प किमतीत बाजारात आणले. त्यानंतर प्रकारांची जी रेलचेल झाली तीतच संस्कारांच्या या शास्त्राचा उगम आहे.

संस्कारांसाठी लिनियर स्विचच प्राधान्याने का निवडला जातो, हेही सांगितले पाहिजे. टॅक्टाइल स्विचला सढळ हाताने वंगण लावले तर त्याचा उंचवटा बोथट होतो, क्लिकी स्विचचा तर प्राणच जातो. लिनियर स्विचमध्ये मात्र गमावण्याजोगे असे काही नसते, कारण घर्षण जितके कमी तितका तो आपल्या मूळ कल्पनेच्या निकट जातो.

घडणीत वापरली जाणारी प्लास्टिके तळेगाव आणि चाकण येथील वाहनभागांच्या कारखान्यांत काम केलेल्या कोणासही परिचित असतील. स्टेम बहुधा पॉम अर्थात अॅसिटालचा, जे स्वभावतःच कमी घर्षणाचे द्रव्य आहे. खालचे कवच नायलॉनचे. वरचे नायलॉनचे वा पॉलिकार्बोनेटचे. नायलॉनचा ध्वनी मंद व खोल, पॉलिकार्बोनेटचा तीक्ष्ण व उजळ, असा सर्वसाधारण अनुभव आहे.

वंगणाचा वाद

या क्षेत्रातील मुख्य वाद वंगणाचाच असून त्यात तीन पक्ष स्पष्टपणे दिसतात.

पहिला पक्ष म्हणतो, स्विच उघडूच नये. वापर हाच उत्तम संस्कार होय. या पक्षाचा आधार दुर्बळ नाही. वर्षानुवर्षे वापरात झिजलेले जुने चेरी काळे स्विच आजही हौशी मंडळी आवर्जून शोधून आणतात, कारण त्यांच्या घर्षणपृष्ठांना आलेली झिलई नव्या स्विचला सहसा येत नाही. काइहुआने नॉव्हेलकीज या विक्रेत्यासाठी बनवलेला क्रीम हा स्विच सर्वांगी पॉमचा आहे; नवा असताना तो बराच खरखरीत भासतो आणि वापराने निवळत जातो, हा अनुभवही याच पक्षाच्या पुष्टीसाठी सांगितला जातो. या मताविरुद्धचा आक्षेप असा की झीज सर्व कळांवर सारखी होत नाही. वारंवार लागणाऱ्या अक्षरांच्या कळा मऊ होतात, क्वचित लागणाऱ्या तशाच राहतात, आणि एकाच फलकावर बोटांना दोन प्रकारचे स्पर्श सोसावे लागतात.

दुसरा पक्ष हस्तवंगणाचा. या पक्षाची कार्यपद्धती आता जवळजवळ निश्चित झाली आहे : स्विच उघडण्याच्या साच्याने कवचे विलग करावीत, चिमट्याने स्टेम धरावा, बारीक कुंचल्याने त्याच्या पट्ट्यांवर व कवचाच्या खोबणींवर वंगणाचा इतका पातळ थर द्यावा की तो प्रकाशात चमकावा पण साचलेला दिसू नये, स्प्रिंगची दोन्ही टोके तेलात भिजवावीत, आणि पातीला स्पर्श करणाऱ्या पायांना मात्र जास्त वंगण लागू देऊ नये. वंगण म्हणून क्रायटॉक्स जीपीएल २०५ या ग्रीजची शून्य श्रेणी सर्वाधिक मान्यता पावली आहे. लिनियर स्विचला ती जड वाटणारे काही जण ट्रायबोसिस ३२०३ हे अधिक पातळ ग्रीज पसंत करतात, आणि स्प्रिंगसाठी क्रायटॉक्सचेच १०५ क्रमांकाचे तेल वापरतात. ही द्रव्ये महाग आहेत, म्हणून आपल्याकडे घरातले शिवणयंत्राचे तेल किंवा खोबरेल लावून पाहण्याचा मोह होतो. त्याविषयी मात्र पक्षोपपक्षांत दुमत नाही. खनिज तेलांपैकी कित्येक पॉलिकार्बोनेटला सूक्ष्म तडे पाडतात, आणि वनस्पतिजन्य तेले हवेने घट्ट होऊन चिकट बनतात. क्रायटॉक्सच्या मुळाशी असलेले परफ्लुओरोपॉलिईथर हे द्रव्य प्लास्टिकांशी, पाण्याशी आणि प्राणवायूशी कोणतीही प्रक्रिया करीत नाही, हेच त्याच्या मान्यतेचे खरे कारण.

वंगणाने नेमके काय घडते, याचा खुलासा भौतिकशास्त्राच्या आधारे देता येतो. दोन पृष्ठे परस्परांवर सरकताना स्थिर घर्षण हे गतिज घर्षणाहून अधिक असते, त्यामुळे कळ हळू दाबली असता स्टेम क्षणभर अडतो, सुटतो, पुन्हा अडतो, आणि ही अतिसूक्ष्म अडखळ बोटाला खरखर म्हणून व कानाला कुजबुजीसारखी जाणवते. ग्रीज पृष्ठांवरील उंचसखल भाग भरून काढते आणि हा दोन घर्षणांतील भेद कमी करते. त्याशिवाय ते आघाताची काही ऊर्जा शोषते, म्हणून ध्वनीतील वरच्या पट्टीचे अंश मंदावतात आणि ‘टिक’च्या जागी ‘ठक’ असा भरीव नाद उरतो. मात्र प्रमाण सुटले तर स्टेम वर येण्यास विलंब लावतो, स्पर्श चिखलात बोट रुतल्यासारखा होतो, आणि वंगण संपर्कस्थळी शिरले तर कळ चुकते किंवा एका दाबास दोन अक्षरे उमटतात.

तिसरा पक्ष कालानुक्रमाने सर्वांत नवा. हस्तवंगणाची मागणी पाहून चिनी उत्पादक कारखान्यातच स्विचला वंगण देऊ लागले, आणि २०२३ साली चेरीनेही आपल्या एमएक्स २ए मालिकेत कारखानी वंगण व नव्या आकाराची स्प्रिंग आणली. या पक्षाचे म्हणणे असे की साचे सुधारले, यंत्राने लावलेले वंगण पुरेसे झाले, आता सत्तर-ऐंशी स्विच एकेक उघडून संध्याकाळच्या संध्याकाळ खर्च करण्यात अर्थ उरलेला नाही. प्रतिपक्ष म्हणतो की कारखानी वंगण अनेकदा असमान असते, कुठे कोरडे तर कुठे जास्त, आणि वर दुसरा थर चढवायचा तर आधीचा धुऊन काढण्याचे दुप्पट काम पडते.

माझ्या मते या वादात ज्या गोष्टीवर भर द्यावयास हवा ती मागे पडली आहे. हस्तवंगणाचा सर्वांत मोठा लाभ गुळगुळीतपणात नसून एकसारखेपणात आहे. चांगला नवा स्विच हाताने वंगण लावल्यावर किंचितच सुधारतो. परंतु एकाच हाताने, एकाच बैठकीत, एकाच प्रमाणात संस्कार केलेल्या संपूर्ण संचात कोणतीही कळ शेजारणीपासून वेगळी बोलत नाही, आणि दीर्घकाळ लिहिणाऱ्याचे चित्त मजकुरावर राहते. त्याच कारणास्तव अर्धवट मनाने, प्रमाण सांभाळल्याविना केलेले हस्तवंगण कारखानी वंगणाहून वाईट ठरते. हा निकष स्वीकारला तर तिन्ही पक्षांतील विरोध बराच सौम्य होतो, असे मला वाटते.

स्प्रिंग आणि फिल्म

स्प्रिंगच्या बाबतीत मतभेद कमी आणि आवडीनिवडी जास्त आहेत. लिनियर स्विचचा भार-अंतर आलेख सरळ रेषेचा असतो, आणि ती रेषा किती चढती असावी हे स्प्रिंग ठरवते. नेहमीची स्प्रिंग आरंभी हलकी आणि तळाशी जड लागते. तिच्याहून बरीच लांब स्प्रिंग आधीच दाबून बसवली तर आरंभ आणि अखेर यांतील अंतर कमी होते, स्पर्श एकसमान होतो आणि कळ जोमाने परतते. वेगाने लिहिणारे हलका भार पसंत करतात, परंतु बोट नुसते टेकले तरी अक्षर उमटण्याची भीती त्यात असते. स्प्रिंगच्या वेढ्यांचा जो किणकिणाट ऐकू येतो तो टोकांना तेल लावल्याने बहुतांशी शमतो, यावर सर्वांचे एकमत आहे.

फिल्म म्हणजे दोन कवचांमध्ये घालावयाचा, मिलिमीटरच्या सातव्या-आठव्या हिश्शाइतका जाड पापुद्रा. कवचे सैल असतील तर ती घट्ट बसून नाद एकवटतो. मुळातच घट्ट असतील तर फिल्म घातल्याने बंदच पुरते लागत नाहीत. आज बहुतेक नवे स्विच घट्ट येत असल्याने हा संस्कार ओसरत चालला आहे.

नाद स्विचचा की फलकाचा

दुसरा मोठा वाद अधिक गहन आहे. आपण स्विचच्या नावावर जो नाद जमा करतो तो खरोखर स्विचचा असतो का? कळ तळाला आदळते तेव्हा स्टेम खालच्या कवचाला, कवच ज्यात स्विच बसवलेला असतो त्या धातूच्या वा प्लास्टिकच्या पट्टीला, पट्टी पेटीला आणि पेटी टेबलाला आघात पोहोचवते. या साखळीतील प्रत्येक दुवा त्या आघातास आपला रंग देतो. पितळी पट्टी नाद कणखर करते, पॉलिकार्बोनेटची पट्टी तो खोल व मऊ करते, आणि पट्टी रबरी पट्ट्यांवर तरंगती ठेवली तर पेटीकडे जाणारे कंपन तुटते. पेटीच्या पोकळीत फोम भरणे, सर्किटच्या पाठीमागे कागदी चिकटपट्टीचे थर देणे, कळीवरच्या टोपणाचे अर्थात कीकॅपचे प्लास्टिक जाड घेणे, फलकाखाली जाड कापडी आसन अंथरणे, हे सर्व उपाय स्विचला हात न लावता नाद पालटतात. टंकलेखन यंत्राखालच्या नमद्याचे आणि या आसनाचे कार्य एकच आहे.

स्विचवादी पक्ष याला उत्तर देतो की आघाताचे मूळच जर तीक्ष्ण असेल तर पेटीने ते किती झाकावे? लांब दांड्याचे नवे स्विच या मताचे समर्थन करतात. त्यांत स्टेमचा मधला खांब पूर्ण ४ मिलिमीटर होण्याआधीच तळाला टेकतो, आघाताचे स्थान बदलते, आणि कोणत्याही पेटीत त्यांचा नाद उंच व स्पष्ट येतो. दोन्ही बाजूंचे दाखले खरे असले तरी एक बाब दोघांकडूनही दुर्लक्षिली जाते, ती म्हणजे बोट. अक्षर उमटण्यास जेवढा भार पुरतो त्याच्या कितीतरी पट जोराने माणसे कळ दाबतात, हे टंकन करणाऱ्यांच्या अभ्यासांत पुनःपुन्हा दिसून आले आहे. म्हणून एकाच्या हाताखाली भरीव वाटणारा फलक दुसऱ्याच्या हाताखाली खडखडतो.

मराठी लिहिणाऱ्याचा प्रश्न

या विषयावरील बहुतेक चर्चा इंग्रजी लिहिणारांची आहे. मराठी लिहिणाऱ्याने तीतील निष्कर्ष जसेच्या तसे स्वीकारू नयेत, असे म्हणण्यास सबळ कारण आहे. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८० च्या दशकात प्रमाणित केलेली, १९९१ च्या भारतीय मानक १३१९४ मध्ये अंतर्भूत झालेली आणि पुण्याच्या सी-डॅकने आपल्या प्रणालींद्वारे कचेऱ्याकचेऱ्यांत पोहोचवलेली जी इन्स्क्रिप्ट कळरचना आहे, तीत स्वर आणि मात्रा डाव्या हाताकडे व व्यंजने मुख्यतः उजव्या हाताकडे आहेत; आणि महाप्राण व्यंजने, पूर्ण स्वर, तसेच ण, श, ळ ही अक्षरे शिफ्ट कळ दाबून उमटवावी लागतात. ‘आणि’ या शब्दाला शिफ्ट दोनदा लागते, ‘शाळा’ला दोनदा, ‘आहे’ला एकदा. मराठीचे साधेसुधे वाक्यसुद्धा करंगळीला शिफ्टवर वारंवार नेल्यावाचून पुरे होत नाही. इंग्रजीत मात्र शिफ्ट मुख्यत्वे वाक्याच्या आरंभीचे अक्षर आणि विशेषनामे यांपुरती लागते.

याचा परिणाम असा की शिफ्ट, एंटर, स्पेस या रुंद कळांखाली त्या तिरक्या होऊ नयेत म्हणून तारेचा जो आधार बसवलेला असतो, ज्याला स्टॅबिलायझर म्हणतात, त्याचा खुळखुळाट मराठी लिहिणाऱ्याच्या कानावर इंग्रजी लिहिणाऱ्याहून किती तरी अधिक वेळा पडतो. स्विचवर संध्याकाळ घालवून स्टॅबिलायझरची तार कोरडी ठेवणाऱ्या मराठी लेखकाचे श्रम निम्मे वाया जातात, आणि तार सरळ करून तिच्या टोकांना जाड सिलिकोन ग्रीज लावले तर त्याला मोठा लाभ होतो. तीच गोष्ट भाराची. शिफ्ट धरून ठेवणाऱ्या करंगळीखाली थोडी हलकी स्प्रिंग बसवावी, असे मला या रचनेचा विचार करता सुचवावेसे वाटते. हॉट-स्वॅप फलकांत डाख न उकलता एकच स्विच बदलता येतो, त्यामुळे हा प्रयोग आता अवघड नाही. रोमन अक्षरांतून उच्चारानुसार मराठी उमटवणाऱ्यांना मात्र हा विचार लागू पडत नाही.

घाटमाथ्याचे हवामान

लोणावळ्यात वर्षाकाठी पडणारा पाऊस चार हजार मिलिमीटरच्या आगेमागे असतो, आणि वडगाव-तळेगावकडे उतरत जावे तसतसा तो झपाट्याने घटतो. जुलै-ऑगस्टमध्ये घाटमाथ्यावरच्या घरांत आठवडेच्या आठवडे भिंती ओल धरतात. जगभरच्या चर्चेत हवामानाचा उल्लेख क्वचितच येत असला, तरी द्रव्यांच्या गुणधर्मांकडे पाहता तो यावयास हवा. नायलॉन हवेतील बाष्प शोषते. साधारण ५० टक्के आर्द्रतेत नायलॉन ६६ आपल्या वजनाच्या सुमारे अडीच टक्के पाणी धरते आणि पूर्ण संपृक्त झाले तर आठ टक्क्यांच्या घरात, तर पॉम त्याच्या दशांशाच्या आसपास. पाणी शोषल्याने नायलॉन किंचित फुगते, त्याची दृढता लक्षणीय घटते आणि ते अधिक लवचिक होते. तेव्हा पॉमच्या स्टेमभोवती नायलॉनचे कवच असलेल्या स्विचमध्ये, पावसाळ्यात कवच व स्टेम यांतील अंतर बदलावे आणि कवच मऊ झाल्याने नादही थोडा खाली उतरावा, हे तर्काला धरून आहे.

परंतु तर्क आणि प्रत्यय यांत अंतर आहे. हे शोषण संथ असते, त्याचा हिशेब आठवड्यांनी करावा लागतो, आणि शिवाय पावसाळी हवेत खिडक्या बंद, पंखा मंद आणि पागोळ्यांचा आवाज अखंड असल्याने कानच वेगळ्या पार्श्वभूमीवर ऐकत असतो. एकच फलक, एकाच ठिकाणी, मे आणि ऑगस्ट महिन्यांत सारख्या मांडणीने ध्वनिमुद्रित करून तुलना करणे हा यावरील साधा उपाय, आणि लोणावळ्याइतके या प्रयोगास अनुकूल ठिकाण दुसरे क्वचितच सापडेल. स्प्रिंगच्या पोलादावर गंज चढण्याची भीती मात्र तर्काची नाही. तेलाचा थर असलेली स्प्रिंग तिच्यापासून बरीच सुरक्षित राहते, आणि घाटमाथ्यावर वंगणाच्या बाजूने बोलणारे हे सर्वांत भक्कम कारण आहे. उलटपक्षी, द्रुतगती मार्गालगतच्या वस्त्यांत उन्हाळ्यात जी बारीक धूळ घरात शिरते, ती उघड्या रचनेच्या स्विचमधील ग्रीजला चिकटते, आणि टंकलेखन यंत्राच्या दुरुस्तीकारांचा जुना शिरस्ता तेथे आठवावा लागतो.

अनिर्णित बाबी

पहिली बाब मापनाची. भार-अंतराचा आलेख यंत्राने काढता येतो आणि उत्पादक तो देतातही. परंतु खरखर मोजण्याचे सर्वमान्य एकक नाही, आणि नादाच्या बाबतीत तर ध्वनिग्राहकाचे अंतर, खोली, टेबल, कीकॅप व बोटाचा जोर हे सर्व स्थिर ठेवून घेतलेल्या चाचण्या विरळा. बहुतेक मते ध्वनिमुद्रणे ऐकून बनतात, आणि ती मुद्रणे परस्परांशी तुलना करण्याजोगी नसतात. स्विचचे नाव झाकून केलेल्या चाचण्यांचे प्रमाण वाढेपर्यंत वंगणाच्या दोन जवळच्या प्रतींमधील भेदाविषयी ठामपणे बोलणे धाडसाचे आहे.

दुसरी बाब चुंबकीय स्विचची. यात धातूची पातीच नसते. स्टेममधील चुंबकाची स्थिती संवेदक वाचतो आणि अक्षर कोणत्या खोलीवर उमटावे हे आज्ञावलीतून ठरवता येते. पातीचे घर्षण नाहीसे झाल्याने या स्विचचा स्पर्श स्टेम आणि खोबण यांवरच अवलंबून राहतो, आणि वंगण संपर्कात शिरण्याचे भयही उरत नाही. खेळांसाठी लोकप्रिय झालेला हा प्रकार लेखनाच्या क्षेत्रात स्थिरावला तर वर वर्णिलेल्या वादांपैकी निदान एक तरी कालबाह्य होईल. नादाविषयीचे वाद मात्र तसेच राहतील.

तिसरी बाब द्रव्याची असून तिचा निर्णय या व्यासंगाच्या बाहेर होणार आहे. क्रायटॉक्सचे मूलद्रव्य आणि त्याला घट्टपणा देणारे टेफ्लॉनजातीचे चूर्ण ही दोन्ही निसर्गात सहजासहजी विघटन न पावणाऱ्या फ्लुओरीनयुक्त रसायनांच्या विशाल कुळात मोडतात. जर्मनी, डेन्मार्क, नेदरलँड्स, नॉर्वे आणि स्वीडन या पाच देशांनी २०२३ च्या आरंभी या संपूर्ण कुळावर व्यापक निर्बंध घालण्याचा प्रस्ताव युरोपीय रसायन संस्थेपुढे ठेवला. एका कळफलकाला लागणारे ग्रीज काही ग्रॅमच असते हे खरे. तथापि जुने वंगण काढण्यासाठी भाग धुतले की ते पाणी मोरीतून जाते, आणि कुरवंड्याजवळ उगम पावून लोणावळ्यातूनच खाली उतरणाऱ्या इंद्रायणीच्या काठी राहणाऱ्यांनी ते पाणी तसे सोडण्यापेक्षा भाग कागदाने पुसून तो कागद वेगळा ठेवणे बरे. निर्बंध अमलात आले तर फ्लुओरीनविरहित सिलिकोन वा अन्य कृत्रिम ग्रीजांची, आज स्टॅबिलायझरपुरत्या मर्यादित असलेल्या वापरातून बाहेर काढून, स्विचसाठी नव्याने परीक्षा घ्यावी लागेल. आणि त्या परीक्षेत स्पर्श व नाद यांच्याही आधी, पॉलिकार्बोनेटच्या कवचाला वर्षभरात तडा जातो की नाही, हे पाहावे लागेल.